शिमग्याआधीचा त्र्यंबक–जव्हार रस्ता : पाऊस नसताना केलेली दोन दिवसांची सहल

नाशिककरांच्या लेखी त्र्यंबकच्या पलीकडे जाणारा रस्ता वर्षातून तीनच महिने अस्तित्वात असतो. पहिला दमदार पाऊस झाला की पहिने, दुगारवाडी, आंबोली (सिंधुदुर्गातली नव्हे, आपली त्र्यंबक तालुक्यातली) या बाजूला दर शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते, मक्याच्या कणसांच्या शेगड्या पेटतात, तोरंगण घाटातल्या धुक्यात उभे राहून छायाचित्रे काढली जातात आणि गणपतींचे विसर्जन झाले की हा सगळा मुलूख पुढच्या आषाढापर्यंत विसरला जातो. मीही वर्षानुवर्षे याच रिवाजाने वागत आलो होतो. गेल्या फाल्गुनात, होळीला दहा-बारा दिवस असताना, मी आणि माझी मोठी बहीण नाशिकहून त्र्यंबक, तोरंगण, मोखाडा, जव्हार असे दोन दिवस आणि एक रात्र फिरून आलो. "आत्ता तिकडे काय आहे?" असे आम्हाला ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांना एकेकट्याला उत्तर देण्याऐवजी रस्ता, भाड्याची गाडी, मुक्कामाचे घर आणि कारागिरांची घरे यांविषयी जे चांगले वाटले आणि जे खटकले, ते सगळे येथे लिहीत आहे.

जाण्याचे निमित्त ताईचे होते. तिला बोहाड्याचा, म्हणजे देवीच्या उत्सवातल्या सोंगांच्या नाचाचा, मुखवटा घ्यायचा होता, आणि तोही प्रदर्शनाच्या मांडवातून नव्हे, तर करणाऱ्याच्या हातून. त्यासाठी तिने पावसाळ्यात दोनदा फेरी मारली होती. एकदा घराला कुलूप होते आणि दुसऱ्यांदा मुखवटे करणारे बाबा गुडघाभर चिखलात भाताची आवणी करत होते. त्यांनी बांधावरूनच हात हलवून सांगितले होते, "आता नाय जमायचं. शिमग्याच्या आधी या." आपण ज्याला पर्यटनाचा हंगाम म्हणतो, तो त्यांच्या शेतीचा हंगाम असतो. नागली, वरई आणि भात हे पावसावर येणारे पीक घरात आले की मगच तिकडच्या हातांना बांबू, कागद आणि रंग यांच्यासाठी सवड मिळते, हे इतके उघड असूनही आमच्या डोक्यात कधी आले नव्हते.

प्रथम गाडीविषयी. माझी गाडी दुरुस्तीला गेलेली असल्याने नाशिकमधल्या एका भाड्याने गाड्या देणाऱ्या संस्थेकडून चालकासह गाडी ठरवली. त्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही. परंतु अशी गाडी ठरवणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात. "चालकाला रस्त्याची पूर्ण माहिती आहे" असे आम्हाला दूरध्वनीवर ठासून सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आलेला तरुण सभ्य आणि सावध असला, तरी त्र्यंबकच्या पुढे तो आयुष्यात पहिल्यांदाच जात होता आणि भ्रमणध्वनीवरच्या नकाशाच्या भरवशावर होता. घाट लागताच संपर्क गेला आणि नकाशा गोठला. दुसरी गोष्ट पैशांची : ठरलेल्या दरात चालकाचा रात्रीचा भत्ता धरलेला आहे असे आम्ही समजलो होतो, तो परतल्यावर वेगळा लावण्यात आला. रक्कम मोठी नव्हती, पण आधी सांगितली असती तर तोंड कडू झाले नसते. ज्यांना घाईच नाही त्यांच्यासाठी नाशिकहून जव्हारला एसटी जाते, आणि पावसाळ्यातली गर्दी नसताना खिडकीची जागाही मिळते. मात्र वाटेत जिथे मन रमेल तिथे उतरता येत नाही.

नाशिक ते त्र्यंबक हा सुमारे २८ किलोमीटरचा टप्पा मी थोडक्यात उरकतो. सातपूर मागे पडल्यावर महिरावणीपासून अंजनेरीचा डोंगर डावीकडे सोबत करू लागतो, एवढेच त्यात पाहण्यासारखे. आगामी सिंहस्थाच्या तयारीमुळे या रस्त्यावर कुठे ना कुठे खोदकाम चालू असते. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो, फाल्गुनात धूळ होते. आम्ही सकाळी सहाला निघालो आणि सातच्या आत त्र्यंबक ओलांडले. दर्शनाच्या रांगांमुळे होणारी कोंडी टाळायची असेल तर याहून उशीर करू नये.

खरा रस्ता त्र्यंबकच्या पुढे सुरू होतो. ब्रह्मगिरीची भिंत मागे पडते आणि सह्याद्रीची धार ओलांडल्यावर भूगोलच बदलतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते आणि इथून जेमतेम काही किलोमीटर पुढे पडणाऱ्या पावसाचे पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे धावते. पावसाळ्यात हे वाक्य आपण नुसते ऐकतो, कारण धुक्यात हातभर अंतरावरचे दिसत नसते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र डोंगराचा सांगाडा उघडा पडलेला असतो. पाने गळलेल्या सागवानामागून एकामागे एक उतरत जाणारे कड्यांचे थर, कोरड्या ओढ्यांच्या रेघा, त्या रेघा कुठल्या दिशेने एकमेकींना मिळतात हे सगळे एखाद्या उठावाच्या नकाशासारखे समोर दिसते. तोरंगण घाटातून मी निदान दहा वेळा गेलो असेन, पण उजवीकडची दरी किती खोल आहे हे मला यंदा कळले, आणि कळल्यावर चालकाला जरा हळू जाण्यास सांगितले.

हिरवा रंग नाही म्हणजे रंगच नाही, असे समजणाऱ्यांनी हा घाट फाल्गुनात पाहावा. पळस पूर्ण फुललेला असतो आणि त्याच्यावर एकही पान नसते, त्यामुळे करड्या उतारावर नुसत्या केशरी ठिणग्या दिसतात. काटेसावरीची गुलाबी-लाल फुले उंचावर आणि पांगाऱ्याची लालभडक बांधाच्या कडेला. सगळ्यांत फसवणारा कुसुंब : लांबून फुले वाटतात, जवळ गेल्यावर कळते की ती कोवळी तांबडी पालवी आहे. ताईने एका वळणावर गाडी थांबवायला लावली आणि आम्ही तिथे वीस मिनिटे उभे होतो. तेवढ्या वेळात एक मालवाहू ट्रक, दोन दुचाक्या आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या तीन बाया, एवढीच रहदारी झाली. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी त्याच वळणावर उभे राहायला जागा मिळत नाही.

तक्रारीही आहेत. सकाळी दहानंतर उन्हाचा चटका बसतो आणि घाटात सावली कुठेच नसते. धबधब्यांचे नाव काढू नये. दुगारवाडीच्या कड्यावर पाण्याच्या जागी काळी ओली रेघ उरलेली असते. दुपारनंतर डोंगरांवर निळसर धूर पसरतो आणि दूरचे काही दिसत नाही. त्यातला काही धूर वणव्याचा असतो आणि तो पाहून जीव तुटतो. पण बराचसा धूर राबाचा असतो, हे शहरातल्या माणसाने ओळखायला शिकले पाहिजे. भात आणि नागलीची रोपे जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या तोडून आणलेली कवळे, पालापाचोळा यांचे थर रचतात, वरून माती पसरतात आणि ते सावकाश भाजतात. त्याने तणाचे बी मरते आणि राखेने माती भुसभुशीत होते. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी दिसणारे ते काळे चौकोन म्हणजे येणाऱ्या पावसाची पूर्वतयारीच असते. ज्यांना धुराचा त्रास आहे त्यांनी घाट सकाळीच पार करावा.

रस्त्याच्या कडेला, मी जागा सांगत नाही, 'अस्सल वारली चित्रे' अशी मोठी पाटी लावलेले एक दुकान लागले. आत पिशव्या, कप, घड्याळे, पडदे असे सगळे होते आणि सगळ्यांवर तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेला तोच नाच होता. तोच म्हणजे अक्षरशः तोच. सातव्या माणसाचा पाय प्रत्येक पिशवीवर एकाच ठिकाणी तुटलेला होता. ती छपाई होती. छपाई विकणे हा गुन्हा नाही, पण तिला हाताचे चित्र म्हणून हाताच्या चित्राचा भाव लावणे योग्य नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे 'वारली' हा शब्द कुणीही कशावरही चिकटवावा अशी स्थिती असू नये. ओळखण्याची सोपी खूण ताईने मला दाखवली. तांदळाच्या पिठाने काढलेली रेघ वाळल्यावर किंचित उठून राहते आणि बोटाला खरखरीत लागते. बांबूच्या काडीने काढलेली असल्याने ती कुठे जाड, कुठे बारीक होते. आणि दोन त्रिकोणांची टोके जुळवून केलेली माणसाची आकृती दर वेळी थोडी वेगळी उतरते. मुळात हे चित्र घरातल्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी, सुवासिनींनी काढायचे. चौकात, म्हणजे भिंतीवर काढलेल्या चौकोनात, पालघट देवी बसवल्याशिवाय लग्न लागत नसे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणले आणि जगभर नेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्या दुकानात त्यांचे नाव माहीत असलेला कुणीही नव्हता. आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

मुक्काम मोखाड्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका पाड्यावरच्या घरात होता. दोन खोल्या पाहुण्यांसाठी, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, खाली सतरंज्या आणि स्वच्छ गाद्या. माणशी १,२०० रुपयांत दोन जेवणे, सकाळचा चहा आणि नाश्ता. पावसाळ्यात हेच घर दोन-दोन महिने आधी भरलेले असते. आम्ही चार दिवस आधी विचारले आणि दोन्ही खोल्या आमच्याच होत्या. जेवणाविषयी एकही उणा शब्द लिहिता येणार नाही. नागलीची भाकरी चुलीवरून थेट ताटात येत होती, सोबत उडदाचे घुटे, लसणीची ओली चटणी आणि ताकाऐवजी नागलीची आंबील. ताईने भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारले की नागलीच्या भाकरीला चिरा का पडत नाहीत, तर त्या हसून म्हणाल्या, "उकळत्या पान्यात पीठ मळलं तर कशाला पडतील? तुमी गार पान्यात मळीत असाल." ताई तसेच मळते, हे तिने तिथे कबूल केले नाही.

पाणी हा मात्र तिथला मोठा प्रश्न आहे आणि जाणाऱ्याने तो समजून घेऊनच जावे. या तालुक्यात पावसाळ्यात पाऊस कोसळतो, मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात उभे आहे, आणि तरीही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही गेलो तेव्हा विहिरीत पाणी होते, पण ते डोक्यावरून आणावे लागत होते. अंघोळीला माणशी एक बादली मिळेल, असे घरमालकांनी आल्याआल्या सांगितले. त्यात गैर काही नव्हते; गैर हे होते की ही गोष्ट नोंदणी करताना कुणी सांगितली नाही. आमच्यानंतर येणारे एक कुटुंब त्यावरून कुरकुरत परत गेले, असे मागाहून कळले. यजमानांनी आधी सांगावे आणि पाहुण्यांनी पिण्याचे पाणी सोबत न्यावे, दोघांचेही भले होईल. संध्याकाळी पाड्यावर फिरताना आणखी एक गोष्ट जाणवली : निम्म्या घरांना कड्या होत्या. माणसे वीटभट्ट्यांवर आणि द्राक्षबागांत गेली होती. आपल्याकडे दिंडोरी-निफाडला द्राक्षांची तोडणी भरात असते तेव्हा त्या तोडणीचे हात याच डोंगरांतून आलेले असतात. सवड मिळते असे मी वर लिहिले, ते घरी राहू शकणाऱ्यांपुरतेच खरे आहे. मुखवटे करणाऱ्या बाबांचा धाकटा मुलगाही पिंपळगावकडे बागेत होता, आणि "त्याचा हात माझ्यापरीस साफ हाये, पर मुखवट्यानं रोज पैसा येत नाय" असे बाबा अगदी निर्विकारपणे म्हणाले.

आता ज्यासाठी गेलो होतो त्याविषयी. बाबांचे घर जव्हारपासून फार लांब नाही, पण शेवटचा दीड किलोमीटर रस्ता मातीचा आहे आणि पावसाळ्यात तिथे चारचाकी जाऊच शकत नाही. पडवीत चौदा-पंधरा मुखवटे निरनिराळ्या अवस्थांत मांडलेले होते, कारण होळीनंतर गावोगावचे बोहाडे सुरू होतात आणि जुनी सोंगे दुरुस्तीला, रंगाला त्याआधी येतात. बोहाडा म्हणजे देवीच्या उत्सवात रात्रभर चालणारा सोंगांचा नाच. पेठ-सुरगाण्याकडे त्याला भवाडा म्हणतात. गणपती, सरस्वती यांच्यापासून सुरुवात होते, मग रावण, नरसिंह, मारुती, वेताळ अशी एकेक सोंगे मशालींच्या उजेडात संबळ आणि सनईच्या तालावर येतात, आणि शेवटी पहाटे देवी महिषासुराला मारते. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे ठरलेले असते. त्यामुळे दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मुखवट्याला एक मालक होता आणि बाबा त्यांची ओळख मुखवट्याच्या नावाने नव्हे, तर घराच्या नावाने करून देत होते.

आम्ही तिथे जवळजवळ पाच तास होतो. पावसाळ्यात गेलेल्या एखाद्याला पंधरा मिनिटांत दोन मुखवटे दाखवून वाटेला लावले जाते. आम्हाला मातीपासून रंगापर्यंतचे सगळे काम पाहता आले. जुन्या काळी मुखवटे लाकडात कोरत. त्यांतले एक सोंग बाबांनी आतून काढून आणले, ते ताईला दोन्ही हातांनी धरावे लागले, आणि असले ओझे तोंडावर बांधून माणसे रात्रभर नाचत असतील यावर विश्वास बसेना. हल्ली कागदाचे करतात. आधी मातीचा साचा घडवून तो सावलीत वाळवायचा, त्यावर भिजवलेल्या कागदाचे तुकडे खळीने एकावर एक चिकटवत जायचे, प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, आणि पुरेशी जाडी आली की आतली माती काढून टाकायची. मग खडूच्या लेपाने पृष्ठभाग गुळगुळीत करून रंग. हे सारे उन्हावर अवलंबून असते. पावसाळी हवेत कागद वाळत नाही, त्याला बुरशी लागते आणि खळीचा वास येतो. म्हणजे शेतीतून सवड असती तरी आषाढात हे काम होणे अवघडच होते. मुखवटा चांगला वाळला की नाही हे बाबा त्यावर टिचकी मारून ऐकत होते. त्यांनी मला दोन मुखवटे वाजवून दाखवले आणि कोणता कच्चा आहे ते विचारले, मी चुकलो.

तिथे आम्हाला एक भेद कळला, जो कुठल्याही प्रदर्शनात कुणी सांगितला नव्हता. बाबांच्या पडवीत एका बाजूला नाचायचे मुखवटे होते आणि दुसऱ्या बाजूला, त्यांच्याच शब्दांत, "भिंतीचे" मुखवटे. नाचायचा मुखवटा वजनाला हलका, आतून घासून मऊ केलेला, कपाळावर आणि हनुवटीखाली कापडाची गादी शिवायला जागा ठेवलेला, आणि डोळ्यांच्या खाली पाहण्यासाठी बारीक फटी असलेला असतो. भिंतीच्या मुखवट्यात डोळे नुसते रंगवलेले असतात. शहरातल्या गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते म्हणून त्यावर तैलरंगाचा जास्तीचा हात देतात. नाचायच्या मुखवट्यावर तसा रंग दिला तर मशालीच्या उजेडात तो नुसता चमकतो आणि चेहरा दिसत नाही. ताईने अर्थातच नाचायचा मागितला. बाबांनी आधी नकार दिला. नाचून झालेले सोंग ते विकत नाहीत, ते त्या घराचे असते. पुष्कळ बोलाचालीनंतर ते नवा, कुणासाठीही न केलेला, पण नाचता येईल असा एक तयार मारुती द्यायला राजी झाले. त्यासाठी २,५०० रुपये ठरले. भिंतीचा त्याच आकाराचा मुखवटा ते १,५०० ला देतात. ताईने घासाघीस केली नाही, आणि मला करू दिली नाही. पाच तासांचे आदरातिथ्य, दोनदा चहा आणि एवढे शिकवणे यांचा वेगळा आकार त्यांनी घेतला नाही. आम्ही तो देऊ केला तेव्हा त्यांच्या पत्नीने तो ताईच्या पिशवीत परत टाकला आणि वर मूठभर मोहाची फुले घातली.

या भेटीतली एकच उणीव सांगतो. तिथे येण्याआधी कळवण्याची काही ठरलेली पद्धत नाही. बाबांचा भ्रमणध्वनी पाड्यावर लागत नाही, तो जव्हारला बाजाराला गेले की लागतो. आम्ही मुक्कामाच्या यजमानांमार्फत निरोप पाठवला होता, म्हणून ते घरी भेटले. पैसे रोख न्यावेत, सुटे न्यावेत. आणि तिथे 'कार्यशाळा' नावाची गोष्ट नाही हे ध्यानात ठेवावे; शिकवणी, वेळापत्रक आणि प्रमाणपत्र यांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याचा विरस होईल.

जव्हार गावाविषयी पावसाळ्यात इतके लिहिले जाते की मी फार लिहीत नाही. मुकणे राजघराण्याचा जय विलास राजवाडा, शिवाजी महाराजांच्या सुरतस्वारीच्या मुक्कामाची आठवण सांगणारे शिरपामाळ, सनसेट पॉइंट, हे सर्व दोन-अडीच तासांत होते, आणि आम्हाला राजवाड्यापाशी एकही गाडी दिसली नाही. दाभोसा धबधबा ३०० फुटांचा सांगतात; फाल्गुनात त्याची एक बारीक धार राहते, डोह मात्र हिरवागार आणि शांत असतो. जव्हारला थंड हवेचे ठिकाण म्हणून जी प्रसिद्धी दिली जाते ती नाशिककरांनी मनावर घेऊ नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि जव्हार सुमारे ४५० मीटरवर. मुंबई-पालघरकडून वर येणाऱ्याला ते गार वाटते, आपण मात्र तिथे खाली उतरत असतो. दुपारी बारा ते चार आम्ही एका खाणावळीच्या ओसरीवर पंख्याखाली बसून काढले. हा वेळ कार्यक्रमात आधीच धरून ठेवावा.

परतताना मोखाड्याच्या अलीकडे एका घरासमोर बांबूचे काम चाललेले दिसले आणि ताईने पुन्हा गाडी थांबवली. म्हातारे आजोबा, त्यांची सून आणि दोन नातवंडे असे चौघे सुपे, टोपल्या, कोंबड्या झाकायची डालगी विणत होते. बांबू चिरून त्याच्या कामट्या काढण्याचे काम आजोबांचे. पायाच्या अंगठ्यात एक टोक धरून ते कोयत्याने एकसारख्या जाडीच्या कामट्या काढत होते, आणि माझ्या घड्याळाप्रमाणे एका कामटीला मिनिटही लागत नव्हते. सूप १५० रुपयांना मिळाले. नाशिकच्या भद्रकालीत मी याहून सैल विणीचे सूप याहून महाग घेतलेले आहे. विणीत कुठेही फट नव्हती. घरी आल्यावर त्यात रवा पाखडून पाहिला, एक कण खाली पडला नाही.

त्याच अंगणात एका खुंटीला तीन-चार इरली टांगलेली होती. पावसात वाकून आवणी करताना डोक्यावरून पाठीपर्यंत झाकणारे हे बांबूचे आच्छादन आता प्लास्टिकच्या कागदाने बरेच हटवले आहे, आणि मी ते बऱ्याच वर्षांनी पाहत होतो. ताईला ते पाहताच हवे झाले. आजोबांनी किंमत सांगण्याआधी तिला बजावले, "ताई, ह्ये आत्ता अर्धंच हाये. आत पळसाची पानं बसवायची आसतात. आत्ता पळसाला पान कुठं हाये? वैशाख सरत आला की पानं येतील, तवा भरतो. तवा या, पुरं घेऊन जा." आम्ही दोन दिवस ज्या फुललेल्या, बिनपानांच्या पळसाचे कौतुक करत आलो होतो, त्याच्यामुळेच इरले रिकामे होते.

ताईने ऐकले नाही. ४०० रुपये देऊन तिने नुसता सांगाडा घेतला. पाने मी घरी बसवीन, असे ती म्हणाली आणि आजोबांची सून पदर तोंडाला लावून हसली. इरले गाडीच्या मागच्या कप्प्यात मावले नाही, मागच्या आसनावर मारुतीच्या मुखवट्याशेजारी उभे करावे लागले आणि ताई पुढे येऊन बसली. सध्या ते इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत टांगलेले आहे. त्यातून ऊन आरपार जाते. आजोबांच्या सुनेचा क्रमांक ताईने घेऊन ठेवला आहे आणि मे महिन्याच्या अखेरीस, पहिला पाऊस यायच्या आत, पाने भरून घेण्यासाठी आम्हाला पुन्हा तोरंगण घाट उतरायचा आहे. त्या वेळी गाडी माझी असेल.